मी, कागद गिरणीचा स्थिर फंड

मित्रांनो, मी एक जुना फंड आहे. मला हातपाय नाहीत, चेहरा नाही आणि आजवर मला कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका कागद गिरणीत कामगारांना एक फॉर्म देतात. त्या फॉर्मवर सर्वांत खालच्या ओळीत माझे नाव छापलेले असते, तेवढेच माझे घर. त्या नावापुढच्या चौकोनात कुणी आकडा लिहिला की त्याच्या पगारातला तेवढा वाटा माझ्याकडे येतो आणि तो निवृत्त होईपर्यंत मी तो सांभाळतो. जिथे माझा फॉर्म उघडतात आणि जिथे माझे आकडे लावतात, तिथले बोलणे मला ऐकू येते. म्हणूनच ही हकिगत मी सांगू शकतो.

माझा जन्म एका लांबलेल्या बैठकीत झाला. त्याआधी गिरणी म्हाताऱ्या कामगाराला मरेपर्यंत पेन्शन देत असे. मग मालकांनी नव्या लोकांसाठी ते बंद केले. म्हातारपणाची सोय ज्याची त्याने करावी, आम्ही थोडी भर घालू, असे त्यांनी सांगितले. पैसे कुठे ठेवायचे ते ठरवायला साहेब लोक बसले आणि त्यांनी शेअर बाजाराचे पाच फंड निवडले. कामगार खात्यातली रोझली तेव्हा तिशीची होती. ती कोपऱ्यातून म्हणाली, "आणि ज्याच्या काळजाला हे वरखाली सोसत नाही, त्यानं काय करायचं?" साहेब हसले, पण सहावी ओळ मला मिळाली.

माझ्या पोटात कर्जरोखे आहेत, म्हणजे सरकारने आणि मोठ्या कंपन्यांनी लोकांकडून घेतलेल्या कर्जाचे कागद. त्यांची किंमत बाजारात थोडी वरखाली होतच असते. म्हणून दोन-तीन विमा कंपन्यांनी शब्द दिला, की कामगार पैसे काढायला येईल तेव्हा बाजार कसाही असो, त्याने घातलेले पैसे आणि त्यावर साठलेले व्याज त्याला पुरते मिळेल. या शब्दालाही अटी आहेत. उद्या गिरणीच बंद पडली तर काय, असल्या गोष्टी तिथे बारीक अक्षरांत लिहिलेल्या आहेत. मी हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बढाई मारायला आवडत नाही. मी वाढतोही फार सावकाश.

या सावकाशपणावरून माझी किती थट्टा झाली म्हणून सांगू! दर तीन महिन्यांनी सहाही फंडांचे आकडे जेवणघराच्या फलकावर लागत. बाकीचे पाच कधी उड्या मारत, कधी कोसळत. माझा आकडा पाहून लोक जांभई देत. मला त्यांनी नाव ठेवले होते 'आजीची गादी', कारण त्यांच्या आज्या गादीखाली पैसे ठेवत. मला राग येई, पण बोलणार कसा?

तीन नंबरच्या यंत्रावरचा आर्लन कोप्की मात्र माझा माणूस होता. पहिल्या फॉर्मपासून त्याने सगळे मलाच दिले होते. खरे तर ते फारच झाले, तरुणपणी थोडे इतरांनाही द्यायला हवे होते. पण तो स्वभावाने जपून वागणारा. त्याची बायको मार्लिस चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला मोठे पातेले भरून कोबीचे सॅलड करत असे. सत्तावन्नाव्या वर्षी तिचे हात थरथरू लागले. आजार हळूहळू वाढत जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा नवरा-बायकोने ठरवले, की बासष्ट पुरी झाली की आर्लनने त्याच दिवशी काम सोडायचे. "मला दुसरं काही नको, म्हणते. तू घरी असलास की झालं," असे तो रोझलीला सांगत होता. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि बरेही वाटत होते.

त्याला बासष्ट व्हायला तीन वर्षे उरली होती. जेवणघरात मार्लिसचा भाऊ ड्वेन फलकापुढे उभा राहून ओरडला, "आर्लन, अरे अजून त्या आजीच्या गादीवरच लोळतोयस?"

"बरी आहे की. टोचत नाही," आर्लन डबा उघडत म्हणाला.

"माझ्या फंडातनं दोन वर्षांत नवा ट्रक निघेल एवढी वाढ झाली. तुझ्यातनं काय निघालं? मासे ठेवायची बादली?"

सगळे टेबल हसले. आर्लनही हसला, पण त्याने डबा तसाच बंद केला आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो फलकाकडे पाहत राहिला. पुढच्याच आठवड्यात तो रोझलीच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सगळं काढून शेअरमध्ये टाक."

"सगळं?" रोझलीने चष्मा काढला. "तीन वर्षांत सोडणार ना तू? मग पहिल्या चार-पाच वर्षांचा घरखर्च तरी इथं राहू दे. बाकीचं ने."

"तिचा आजार लांबणारा आहे, रोझली. एवढ्यात कसं भागायचं?"

"मार्लिसला विचारलंस?"

"फंड बदलायला तिची सही लागते का?"

"नाही लागत."

"मग कशाला तिच्या डोक्याला ताप?"

आणि त्याच्यापुरता मी रिकामा झालो. ड्वेनला मी दोष देत नाही, त्याने चेष्टा केली. आर्लनलाही लोभ नव्हता. बायकोच्या औषधांची भीती होती, तीच त्याला घेऊन गेली.

दोन वर्षे त्याचे पैसे वाढले. मार्लिसला तो निवृत्तीच्या दिवशीच सांगणार होता, तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता त्याला. मग २००८ चा हिवाळा आला आणि शेअर बाजार कोसळला. फलकापुढे कुणी उभे राहीना. जेवणघरात लोक खाली माना घालून जेवत. मार्चमध्ये आर्लन पुन्हा टेबलापाशी आला तेव्हा त्याचे जवळजवळ निम्मे गेले होते आणि बासष्टावा वाढदिवस पाच आठवड्यांवर होता.

"उरलंय ते गादीखाली टाक," तो म्हणाला. तो हसण्याचा प्रयत्न करत होता.

"आत्ता काढलंस तर गेलेलं ते गेलंच. सगळं नाही, निदान अर्धं तरी तिथं राहू दे रे."

"नाही थांबवत. टाक सगळं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट दिवस. माझा माणूस परत आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण जे कुणी माझ्याकडे आणून ठेवतो तेवढेच मी राखू शकतो. वाटेत सांडलेले मला भरून देता येत नाही, आणि दार बंद करून त्याला परत पाठवणेही माझ्या हातात नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाजार सावरू लागला. ड्वेनने पैसे हलवलेच नव्हते, त्याचे काही वर्षांत भरून आले. आर्लन इतका भेदरला होता, की फॉर्मला त्याने पुन्हा हात लावला नाही.

उरलेल्यात भागणार नाही म्हणून तो कामावरच राहिला. घरी त्याने सांगितले, की गिरणीत माणसे कमी आहेत, मला सोडत नाहीत. एक वर्ष झाले, मग दुसरे झाले. मार्लिसला काठी आली, मग चाकाची खुर्ची आली. दिवसा तिच्यापाशी शेजारीण येऊन बसे. रोझली दर वर्षी म्हणे, "सांगून टाक तिला." तो म्हणे, "पुढच्या वर्षी सुटतोच आहे. आता कशाला तिचा जीव घाबरवू?" असे करता करता पाच वर्षे गेली.

सदुसष्टाव्या वर्षी तो खरेच सुटला. पण आमच्या गिरणीचा एक नियम आहे. फंड बदलताना बायकोची सही लागत नाही, पैसे काढताना मात्र लागते, आणि तीही कार्यालयात समोर बसून. म्हणून त्या दिवशी आर्लनने मार्लिसची खुर्ची ढकलत आणली. आजाराने तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. रोझलीने कागद पुढे ठेवला. मार्लिसने तो सावकाश वाचला.

"हे एवढंच?" तिने विचारले.

आर्लनने मग सगळे सांगितले. ड्वेनच्या चेष्टेपासून मार्चपर्यंत, काही न लपवता.

"म्हणजे गिरणीला तुझी गरज नव्हती?"

"नव्हती."

मार्लिसने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला माझ्याजवळ बसवत नाही. माझे हे हाल तुला बघवत नाहीत म्हणून कामावर जातोस."

आर्लन खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. मार्लिसने सही केली. अक्षरे मुंगीएवढी आली आणि वेळ फार लागला. रोझलीने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

माझे काम मी केले. ठरल्या दिवशी आर्लनला त्याची पै न पै मिळाली. त्याबद्दल मला कुणी नावे ठेवणार नाही. पण ती बाई पाच वर्षे घरी बसून काय समजत होती, ते मला आधी कळले असते तरी मी काय करू शकलो असतो?

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्याही घरी कुणीतरी उद्याच्या पोटासाठी पैसे बाजूला टाकत असेल. तरुण माणसाने मला सगळे देऊ नये, मी त्याला पुरा पडणार नाही. पण ज्या पैशाची गरज कधी पडणार ते ठाऊक आहे, तो माझ्यासारख्याकडे आधीच ठेवा, मन शांत असताना ठेवा, घाबरून धावत येऊ नका. आणि काही गमावले तर त्याच दिवशी जेवताना घरच्यांना सांगा. सही लागत नसली तरी सांगा.

त्या दिवशी निघताना मार्लिसने दारापाशी खुर्ची थांबवायला लावली. आर्लन वाकला, कारण तिचे बोलणे जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नसे. माझा फॉर्म अजून टेबलावर उघडाच होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"उरलं होतं तेवढ्यात भागवलं असतं रे आपण," ती म्हणाली.