जिंकल्याचं गाणं

अंतिम सामन्याच्या आधीच फुटबॉल क्लबने खेळाडूंकडून विजयाचं गाणं गाऊन घेतलं, वर त्याच्या तबकड्याही काढल्या. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. सामना हरले, आणि शेवटचा चेंडू सुटला तो गोलकीपरच्या, म्हणजे दादाच्या हातातून.

तेव्हापासून त्याचा धाकटा भाऊ, धंद्याने घड्याळजी, जुन्या बाजारात ती तबकडी दिसली की घासाघीस न करता उचलायचा. दादाच्या कानावर ते गाणं पडायला नको, एवढंच.

"पलंगाखाली एकाच गाण्याचा ढीग! वेड लागलंय का तुम्हाला?" बायको करवादायची.

एका रविवारी दादा आला. पलंगाखाली गेलेली काठी काढायला वाकला आणि ढीगच बाहेर ओढला. धाकटा तो परत आत सारायला धावला.

वेष्टनावरच्या हसऱ्या पोरांकडे दादा बघत राहिला. मग म्हणाला, "लाव."

गाणं लागलं. दादा बेसूर आवाजात सोबत गायला. एक शब्द चुकला नाही. संपल्यावर त्याने डोळे पुसले.

"माझी ऐकून ऐकून झिजली रे. किती वर्षं दुसरी शोधतोय! दुकानदार म्हणतात, कुणीतरी गाढव येतो आणि सगळ्या घेऊन जातो."