कुंकवाखालचा आकडा

मी एक वायफाय डोंगल बोलतोय, संगणकाला खोचला की इंटरनेट आणणारा. बोटाच्या पेराएवढा माझा जीव, पण भीती पोटात मावत नाही एवढी. हसू नका. तुमच्याच नावाची, तुमच्याच तोंडवळ्याची हजार भावंडं असती आणि त्यातली निम्मी नापास झाली असती, तर तुम्हीही घाबरला असता.

झालं असं, की कारखान्याने आमचं नाव, रंग, खोका सगळं तेच ठेवलं आणि मध्येच आतली चिप बदलली. जुनी चिप लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर लावल्या लावल्या चालते, नवी चालत नाही. कोण जुना आणि कोण नवा, हे सांगणारा एकच बारीक आकडा आमच्या पाठीवर असतो. माझे मालक, तळोद्याचे हेमकांतशेठ, दर दसऱ्याला दुकानातल्या मालाला ओलं कुंकू लावतात. माझा खोका हरवलेला, म्हणून त्यांचं बोट थेट माझ्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं, तेव्हा कुंकवाबरोबर आकडाही गेला. तेव्हापासून मी जुना की नवा, हे मलाच ठाऊक नाही.

सहा वर्षं मी काउंटरखालच्या खणात होतो. बाद झालेला माल तिथेच टाकतात. कुणी हात घातला की माझा जीव खाली-वर व्हायचा.

परवा बाजाराच्या दिवशी रिनाताई धापा टाकत आल्या. स्टँडजवळ त्यांचं अर्ज भरायचं केंद्र आहे. त्यांचा डोंगल सकाळीच जळाला होता आणि नाव बघून नेलेले दोन नवे चालले नव्हते.

"मन्ही हाई तिसरी चक्कर शे, भाऊ. नाव तेच, पन आतली चिप येगळी निंघनी."

शेठनी खण उपसला आणि मला पुढे केलं. "हाऊ लई जा. जुना शे, कोनी ले नही."

रिनाताईंनी मला उलटंपालटं केलं, अंगठ्याने पाठ घासली. आकडा दिसला नाही. दुसरा इलाजही नव्हता.

त्यांचा संगणक म्हातारा. नव्या महागड्या विंडोजचं ओझं त्याला झेपेना, म्हणून त्यांनी त्यात लिनक्स टाकलेलं. समोर बाकावर डोंगरातल्या पाड्यावरून आलेले दलसिंग आणि त्यांची मुलगी रविना बसली होती. वसतिगृहाच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. बाकी केंद्रांवर रांगा रस्त्यापर्यंत आलेल्या.

"जीप चारला सुटते, ताई," दलसिंग म्हणाले. "उद्या पहाटे मुकादमाचा ट्रक आहे. अर्ज नाही गेला तर पोरगी आमच्यासंगे गुजरातला, ऊस तोडायला."

दाखल्यांची पिशवी रविनाने छातीशी धरली होती. मला वाटलं, परत खणात टाका मला, पण ही परीक्षा नको.

रिनाताईंनी मला खोचलं. काहीच झालं नाही. मी मेल्यासारखा पडलो होतो. दलसिंग चपला शोधू लागले.

मग अंगात ऊब शिरली. माझा दिवा लुकलुकला.

"पेटना! रविना, पेटना दिवा!" रिनाताई आनंदाने ओरडल्या.

म्हणजे मी जुना होतो! ज्या 'जुना' शब्दावरून सहा वर्षं शेठची बोलणी खाल्ली, त्याच्यावरच आज तरलो. पण आनंद करायला वेळ कुठला? जातीचा दाखला वर चढताना अर्ध्यात अडकला आणि भीतीने माझा दिवा विझतोय की काय, असं झालं. पाच मिनिटं अडकून तो पुढे सरकला. पावणेचारला पावती आली.

"यादी लागेपर्यंत ठेव हिला, ताई," दलसिंग म्हणाले. "नाव नाही आलं तर मागून पाठव." आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ते जीपकडे धावले.

दुसऱ्या सकाळी ट्रक केंद्रावरूनच गेला. वर भांडी, गोधड्या, माणसं. रविना दारात उभी होती. आईने ट्रकमधून हात हलवला. धूळ बसेपर्यंत ती आत आली नाही.

रिनाताईंनी माझ्या पाठीवर नेलपॉलिशने 'हाच' असं लिहिलंय. तरी भीती जात नाही. माझी दोन भावंडं शेजारी टेबलावर पडली आहेत. वाईट नाहीत बिचारी. विकत घेताना त्यांच्या आत काय आहे, एवढंच कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारत जा.

आज चारला वसतिगृहाची यादी नेटवर लागायची आहे. रविना सकाळपासून न जेवता माझ्या दिव्याकडे बघत बसली आहे. तोवर कृपा करून मला कुणी हलवू नका.