सहा चौकोन

“‘साथीच्या साली, बेंदराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी.’ ही काय जन्मतारीख झाली?” हेडक्लार्क नानासोनं जुनं सेवापुस्तक मोठ्यानं वाचून सांगलीच्या त्या दवाखान्याची अख्खी कचेरी हसवली.

साल पंचाहत्तर. मुंबईला पगाराचा हिशेब करणारं यंत्र आलं होतं आणि त्याला अक्षरं चालत नव्हती. सहा चौकोनांत सहा आकडे हवे होते. नोकरांच्या जन्मतारखा आकड्यांत बसवायचं काम नानासोकडं आलं. दिवस सापडला नाही की तो एक जून ठोकायचा. साल तोंड बघून ठरवायचा. तीनशे माणसं त्यानं चार दिवसांत जन्माला घातली. देवालाही एवढी घाई नसते.

ते सेवापुस्तक जिचं, ती बाळंतिणींच्या खोलीतली आया हरणाबाई पुढं आली.

“साथीची म्हणजे अठराची. लिहिलं,” नानासो म्हणाला.

“आवं न्हाई! ती थोरली साथ. माजी धाकटी, चोविसातली. अठरा लिवलं तर अठ्ठावन भरली म्हनून फुडल्या सालीच घरी बसवाल मला. मालक आंधळं, घर माज्यावर हाय.”

“पुरावा?”

“तुमीच की. कडेगावात तुमच्या रानात आमची मेंढरं बसली हुती, तवा तुमी जल्मला. म्या धा वर्सांची हुते. तुमाला मांडीवर घिऊन बसायची. तेवढं लिवून द्या.”

हिशेब पोरालाही जमला असता. चोवीस आणि दहा, चौतीस. पण कागदावर नानासोचं जन्मसाल सदतीस होतं! बापानं मास्तरांना गाठून शाळेतच तीन वर्षं चोरली होती. हरणाबाईची खरी साक्ष दिली, तर स्वतःची खोटी तारीख उघडी पडणार होती. दुसऱ्यांच्या तारखांना हसणारा हा गडी असा होता.

“बाई, मला कसं आठवेल ते?” तो म्हणाला, आणि चौकोन भरले. शून्य एक, शून्य सहा, अठरा.

पुढच्या वर्षी एकतीस मेला हरणाबाईला निरोपाचा नारळ मिळाला. नानासोनं भाषण ठोकलं. लाज नावाची चीज त्याच्या टेबलावर कधी आलीच नव्हती. हरणाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं, नारळ खिडकीत ठेवला आणि हात धुऊन आत गेली. आत एक बाई अडली होती.

कचेरी बंद झाल्यावर मूल रडलं, तसं हरणाबाईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग मुलाला पुसून आईजवळ ठेवलं.

“सिस्टर, पाच वाजून वीस मिन्टं,” ती म्हणाली. “आत्ताच लिवा. माज्या म्होरं लिवा.”

सिस्टरनं लिहून होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.