थोरलीची वकिली

फौजदार आक्तिसने परवान्यावर शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद पुढे सरकवला.

"इटालियनमध्येच गायचं. तुमच्या बोलीतली एक ओळ जरी कानावर आली तरी हा कागद फाडीन. मग या बेटावरच्या कुठल्याच जत्रेत तुला उभं राहता येणार नाही. कळलं?"

"कळलं," गोनारिओ लादू म्हणाला. "ऐकायला याल ना?"

"यावंच लागेल."

"मग पुढच्या रांगेत बसा, साहेब. मागं बायका फार बोलतात."

गोनारिओ आठवड्याचे सहा दिवस सार्डिनिया बेटावरच्या ओरुलेई गावात बूट शिवायचा. सातव्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गावाच्या जत्रेत मंचावर चढून जागच्या जागी कवनं रचायचा. अशी एकतीस वर्षं गेली होती. दोन कवी, दोन चिठ्ठ्या; ज्याला जी बाजू येईल ती त्याची. मग आळीपाळीनं आठ-आठ ओळींचे सवाल-जवाब, एकाची उत्तरं संपेपर्यंत. मागं तिघे झीलकरी सूर धरून उभे, कवीला विचार करायला तेवढीच काय ती उसंत. पण या वर्षी वरून हुकूम आला होता: मंचावर सार्डिनियन नको, ती अडाण्यांची बोली.

गोनारिओनं शिक्का वाळायच्या आधीच ठरवलं होतं. गायचं ते आपल्याच भाषेत. परवाना गेला तर जाऊ दे. पण जाताना चांगली बाजू मांडून जाऊ दे.

चांगली बाजू निघेल अशी त्याला आशा होती, कारण विषय ग्रासिआमावशीनं काढला होता. ती गावची भटारीण. त्या वर्षी उत्सवाचं यजमानपद तिच्याकडं आलं होतं. फौजदाराकडं द्यायच्या अर्जावर तिनं विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दोन बहिणी'. फौजदारानं वाचलं आणि "कौटुंबिक" असं पुटपुटत सही ठोकली.

मिरवणूक संपली, संताची मूर्ती देवळात परतली आणि दुपार कलताना सगळं गाव चौकात जमलं. ग्रासिआमावशी मंचावर आली. पीठ अजून तिच्या कोपरांवर होतं.

"ऐका रे! एक आई होती, लॅटिन नावाची. तिला मुली झाल्या पुष्कळ. एक फ्रान्सात नांदते, एक स्पेनात, एक पोर्तुगालच्या किनाऱ्यावर. एक तर पार रुमानियात, परक्या शेजारणींत एकटी. प्रत्येकीच्या लेकी-नाती दऱ्याखोऱ्यांतून पसरल्यात. एका डोंगराची नात पलीकडच्या डोंगरातलीला पाणी मागेल तर ती मीठ आणून देईल. त्यातल्या दोघी आज भांडणार. एक थोरली, इटालियन. दुसरी आपली. आईची खरी वारस कोण?"

फौजदार अर्धवट उठला. "हा विषय..."

"सही तुमचीच आहे, साहेब," ग्रासिआमावशी म्हणाली. "दाखवू?"

तो बसला.

टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या. गोनारिओनं आपली उघडली. थोरली. त्याच्या वाट्याला इटालियन आली होती.

चौकात हशा उसळला. "गोनारिओकाका, थोरलीला सांभाळा! बूट करून द्या तिला, नाजूक पाय आहेत!"

शेजारी बोएल्ले झिद्दा उभा होता, त्याचा वीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी. वयानं लहान, आवाजानं मोठा. "बदलायची?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"शरम नाही वाटत?"

चिठ्ठी बदलायची नसते. मुद्दाम हरायचंही नसतं. मनात काही असो, हाती आलेली बाजू जीव तोडून लढवायची. यात कुचराई केल्याचा नुसता संशय आला तरी पुढं पन्नास वर्षं त्या माणसाच्या नातवांना टोमणे ऐकावे लागतात.

झीलकऱ्यांनी सूर धरला. गोनारिओला आता एक सोपी वाट दिसत होती. इटालियनची बाजू इटालियनमध्ये मांडायची. फौजेत तीन वर्षं काढली होती, भाषा येत होती. परवाना वाचेल, विषयाला धरून होईल, आणि कुणी बोटही दाखवू शकणार नाही. वाट इतकी सरळ होती की त्याला तिचा राग आला. वकील कुणाचीही वकिली करो, तोंड तर स्वतःचंच असतं ना?

त्यानं कानामागं हात धरला आणि सार्डिनियनमध्ये सुरुवात केली:

"थोरली शिकली, शहाणी झाली, हाती तिच्या दिवा,
तिच्यामुळंच मेंढपाळाला कळतो गाव नवा..."

फौजदार ताडकन उभा राहिला. बेटावर बदलून आल्यापासूनच्या चार वर्षांत त्याला ही भाषा समजू लागली होती, आणि हीच अडचण झाली. कवी इटालियनचे गोडवे गात होता: तिच्या पत्रांमुळं समुद्रापलीकडच्या बहिणींची खुशाली कळते, तिच्या पुस्तकांत आईचे दागिने जपलेत, ती नसती तर या बेटावरच्या दोन गावांचंही आपसांत जमलं नसतं. प्रत्येक ओळीला टाळ्या पडत होत्या. फौजदारानं खिशातली वही काढली, पेन्सिल टेकवली आणि तसाच थांबला. इटालियनची स्तुती केल्याबद्दल माणसाला धरायचं, तर अहवालात काय लिहायचं?

मग बोएल्लेची पाळी. त्याचा मोठा मुलगा वनरक्षकाच्या नोकरीच्या यादीत होता आणि यादी ज्या कचेरीत होती तिथं फौजदाराचं जाणं-येणं होतं. बोएल्लेनं सार्डिनियनची बाजू मांडली, इटालियनमध्ये. मुद्दे नेटके होते. पण झीलकऱ्यांना सूर कुठं सोडायचा ते कळेना, चौक सभेला बसल्यासारखा गप्प झाला आणि मागून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "हा काय सरकारी जाहीरनामा वाचतोय का गं?"

गोनारिओला उत्तर दिसलं. उत्तर एकच होतं, आणि ते बोएल्लेला कुठं लागेल हेही त्याला दिसलं. त्यानं बोएल्लेच्या मुलाला पहिले बूट शिवून दिले होते. झीलकऱ्यांचा सूर दोनदा फिरून आला, तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

"काका, झोप लागली का?" कुणीतरी ओरडलं.

दुसरा कुठलाही मुद्दा याहून दुबळा ठरला असता, आणि दुबळा मुद्दा घेणं म्हणजे चिठ्ठी बदलण्यासारखंच होतं. तो गायला:

"धाकटीनं अर्ज केला, वकील तिला मिळाला,
पण बोलायला उभा राहताच थोरलीचा झाला!
हक्क मागायलाही जिला उसनी जीभ हवी,
तिला वारस म्हणायची ही रीत कुठली नवी?"

चौक फुटला. कुणी टोप्या उडवल्या, कुणी शिव्या दिल्या, एकानं दोन्ही केलं. बोएल्लेचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"हरामखोरा," तो दातांतून म्हणाला.

"मी माझं काम केलं. तू तुझं कर."

बोएल्लेनं फौजदाराकडं पाहिलं, मग झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडं. मुलानं खांदे उडवले. बोएल्लेनं टोपी काढून झीलकऱ्याच्या हातात दिली आणि अशा आवाजात सार्डिनियनला हात घातला की देवळाच्या कठड्यावरची कबुतरं उडाली:

"आई घराला 'दोमुस' म्हणे, मी 'दोमो' म्हणते आज;
तू 'कासा' म्हणतेस, आईच्या तोंडी झोपडी! नाही वाटत लाज?
महालात राहून झोपडी म्हणतेस, विसरलीस आईची बोली,
मी डोंगरात तिच्या चुलीशी, तू मिरव शहरची खोली!
पुस्तकात तू दागिने ठेवलेस, कुलूप लावून छान,
मी रोज अंगावर घालते ते, आणि..."

"बस्स!" फौजदार मंचावर चढला होता. "दोघंही खाली. गाणं बंद. बंद म्हणजे बंद!"

बोएल्ले थांबला. झीलकरीही थांबले. सहा ओळी झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. ओरुलेईत आठवतं तेव्हापासून कवन सहाव्या ओळीवर कधी थांबलं नव्हतं. कवीला चक्कर आली तर लोक त्याला धरून उभं करायचे, पण शेवटच्या दोन ओळी व्हायच्याच.

चौकात इतकी शांतता पसरली की फौजदारालाही आपलं काही चुकलं असं वाटलं असावं. मग डाव्या बाजूनं मेंढपाळ कोस्तान्तिनूनं दोन ओळी सोडल्या. त्यांत आई मेली तेव्हा उशाशी कोण होतं, असं विचारलं होतं. त्या संपायच्या आत पाणवठ्याकडून दुसऱ्याच दोन आल्या. मग ग्रासिआमावशीच्या, पीठ मळताना लावायच्या आवाजात. मग सगळीकडून. प्रत्येकाचा शेवट वेगळा, यमकं वेगळी. ज्यांनी जन्मात ओळ रचली नव्हती तेही रचत होते, आणि फौजदार ज्या दिशेला वळे तिथली तोंडं मिटलेली असत आणि पाठीमागची उघडी.

"कोण गातंय? कोण ते?" त्यानं वही उघडली, बंद केली.

"त्या कोस्तान्तिनूचं वजन चुकलं," गोनारिओ बोएल्लेला म्हणाला.

"पाणवठ्यावरच्याचं बरं होतं."

"माझ्या बाजूला फार लागलं ते."

फौजदारानं दोन्ही परवाने मंचावरच फाडले, नीट, चार-चार तुकडे करून. गोनारिओ तुकड्यांकडं बघत राहिला. कोपऱ्यातला शिक्का शाबूत होता. यापुढं कुठल्याही जत्रेत त्याला मंच नव्हता. त्याला वाटलं होतं छातीत कळ येईल. पण त्याचं डोकं अजून सहाव्या ओळीपाशीच अडकलेलं होतं.

"चला ठाण्यावर," फौजदार म्हणाला.

तिघं उतारानं निघाले, मध्ये फौजदार. गावही मागून निघालं, न बोलता, घाई न करता.

"चुलीशी बसल्याचं काय कौतुक सांगतेस?" गोनारिओ फौजदाराच्या डोक्यावरून म्हणाला. "चूल विझवली कुणी नाही, म्हणून तू बसलीस."

"नुसती बसले मी? बघा, साहेब, हरतोय म्हणून कसा चिडलाय!"

"हरतोय? माझं उत्तर अजून व्हायचंय."

"गप्प बसा दोघं!"

"साहेब, मी तर तुमचीच बाजू मांडतोय," गोनारिओ म्हणाला. "तुमच्याकडून दुसरं कुणी आहे का इथं?"

फौजदारानं वळून रस्त्याकडं पाहिलं. सगळं गाव होतं. त्याच्या बाजूचं कुणी नव्हतं.

गोनारिओनं कानामागं हात धरला. मागून येणाऱ्या तिघा झीलकऱ्यांनी चालता चालताच सूर लावला.