पाळण्याच्या लाकडाचं बूच

मित्रांनो, घरामागच्या भिंतीशी विटांवर बसलेली ती मी. लांबून पाहणाऱ्याला मी गुरांना पाणी पाजायची डोण वाटते. जवळ आलात तर डोलकाठी रोवायची खाच दिसेल, आणि मग कळेल, की मी एक जुनी शिडाची होडी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. या घराच्या पुढच्या खोलीत, जेवणाचं टेबल बाजूला सारून झाला. बाबा बस चालवायचे. ठरलेल्या रस्त्याने जायचं आणि ठरलेल्या रस्त्याने यायचं, याला ते विटले होते. म्हणून त्यांनी मला बांधायला घेतलं. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, सायकली दुरुस्त करायचा. दुकान बंद करून तो हातभार लावायला यायचा. आई घरी शिवणकाम करायची. माझं शीड तिनेच शिवलं, सुया मोडत मोडत. आणि भिंगरी ही त्यांची मुलगी. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण तिचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून भिंगरी.

"ही दारातून बाहेर जाणार का?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मोजलंय मी," बाबा म्हणाले.

मोजलं होतं खरं. दार मोजलं होतं. पण दारासमोर लगेच जिना आहे आणि तिथे मला वळायला जागा नाही, हे काही मोजलं नव्हतं. शेवटी खिडकी चौकटीसकट काढावी लागली.

"दादा, त्यापेक्षा घरच पाण्यात सोडू," काका म्हणाला. आई हसली नाही. ती खिडकीच्या भगदाडाकडे बघत राहिली.

माझ्या मागच्या फळीत, अगदी तळाला, अंगठा जाईल एवढं एक भोक आहे. मी जमिनीवर असताना पोटात साचलेलं पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. पाण्यात उतरण्याआधी मात्र त्यात बूच ठोकून बसवायचं. बाबांनी ते बूच भिंगरीच्या जुन्या पाळण्याचा एक पाय कापून घडवलं.

"पाळणा कशाला मोडलात?" आईने विचारलं.

"मोडला कुठे? एकच पाय घेतला."

"मग आता तीन पायांवर उभा करून दाखवा."

बाबांनी पाळणा भिंतीला टेकवून ठेवला. पण भिंगरीला हक्क मिळाला. "माझ्या पाळण्याचं आहे, तर बूच मीच लावणार," असं तिने जाहीर केलं. तेव्हापासून तशी रीतच पडली. भिंगरी बूच बसवायची, माझं मागचं टोक पाण्याला लागलं की तळाच्या शेवटच्या फळीखाली हात घालून चाचपायची. बाबा पुढच्या टोकाशी उभे राहून ओरडायचे, "कोरडं?" आणि भिंगरी ओरडायची, "कोरडं!" मग मला पुरतं पाण्यात ढकलायचं.

"तुम्हीही एकदा वाकून बघत जा," आई बजावायची.

"बघतो गं."

सुरुवातीला ते बघायचे. पोर कधी चुकत नव्हती, म्हणून पुढे पुढे बघेनासे झाले.

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. तलावावर लोक थांबून मला न्याहाळायचे, बाबांची पाठ थोपटायचे. मी रुंद होते आणि वाऱ्याला जरा उशिराच दाद द्यायचे. काका मला म्हैस म्हणायचा. "हिला पाण्यात बसायला आवडतं, चालायला नाही."

मग एकदा, थंडी सरत आली असताना, सगळ्यांनी मिळून मोठ्या तलावातल्या एका छोट्या बेटावर मुक्कामाला जायचं ठरवलं. तंबू, स्टोव्ह, भांडी, अंथरुणं, सगळं माझ्या पोटात भरलं. भांडी खडखडत होती, तर काकाने स्वतःचं तरंगायचं जाकीट काढून पिशवीत खोचलं.

"भाऊजी, ते अंगात घालायचं असतं," आई म्हणाली.

"वहिनी, मला पोहता येतं. या पातेल्यांना येत नाही."

जाताना वारा पाठीवर होता. बेटावर पोचल्यावर त्यांनी मला वाळूवर ओढून घेतलं. भिंगरीने बूच काढलं, त्याला रुमाल गुंडाळला आणि त्याची बाहुली केली. रात्री तंबूवर झिमझिम पाऊस वाजत होता. पडलेलं पाणी माझ्या भोकातून वाळूत जिरत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

सकाळी आभाळ भरलेलंच होतं. वारा वाढायच्या आत परतायचं म्हणून बाबांनी घाई केली. भिंगरी खोकत होती. आईला रात्रभर एकच काळजी लागली होती, की ओल अंथरुणात उतरली तर पोरीच्या छातीत कफ भरेल. तिने वळकट्या भिंगरीकडे दिल्या. भिंगरीने त्या माझ्या मागच्या भागात नीट रचल्या, बरोबर त्या शेवटच्या फळीवर. आई तंबूपाशी खुंट्या उपटत होती. तिने तिथूनच विचारलं, "अंथरूण कोरडं आहे का गं?"

भिंगरीने वळकटीत हात घातला, चाचपलं आणि ओरडली, "कोरडं!"

बाबा पुढच्या टोकाशी उभे होते. वाऱ्यात आईचा प्रश्न त्यांच्यापर्यंत आला नाही. उत्तर तेवढं आलं.

"शाब्बास! आज न विचारताच?" ते म्हणाले.

भिंगरी हसली. शाबासकी कशाबद्दल, ते तिला कळलं नाही. मिळाली ती तिने घेतली. आई पळत आली, बसली. बाबांनी आणि काकाने मला ढकललं. बूच भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात होतं, रुमालात गुंडाळून निजवलेलं.

मला कळत होतं, मित्रांनो. पाणी कुठून येतंय हे होडीला सगळ्यांच्या आधी कळतं. पण मला तोंड नाही. मी फक्त जड होऊ शकत होते, आणि मी जड होत गेले.

"अहो, ही अशी का चालतेय?" आईने विचारलं.

"तुझं अर्धं स्वयंपाकघर भरलंय हिच्यात. उडत जाईल का?"

"म्हैस बसली वाटतं पाण्यात," काका म्हणाला.

आईने मागे वाकून वळकटीखाली हात घातला. हात कोपरापर्यंत गार पाण्यात गेला. तिने भिंगरीकडे पाहिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "बूच कुठंय?"

भिंगरीने खिशातून रुमाल काढला.

बाबा सुकाणू सोडून मागच्या फळीकडे झेपावले. मागचा भाग आणखी दबला. वळकट्या भिजून दगड झाल्या होत्या, हात खाली पोचत नव्हता. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. एरवी असा झोत मी सहज झेलला असता. पण पोटातलं सगळं पाणी एका बाजूला धावलं आणि त्याच्याबरोबर मीही कलंडले.

माझ्या बैठकांखाली हवेच्या पेट्या आहेत, म्हणून मी तळाला गेले नाही. आडवी पडून तरंगत राहिले. आई आणि बाबा माझ्या काठाला लटकले. जाकीट घातलेली भिंगरी वाऱ्याबरोबर दूर चालली होती. काका तिच्यामागे पोहत गेला. त्याने तिला खेचत आणलं, बाबांच्या हातात दिलं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन काठ धरला. त्याला आता कोणी पाहू शकत नव्हतं. पाणी फार गार होतं.

आई हाका मारून हजेरी घेऊ लागली. "भिंगरी?" "हं." "अहो?" "आहे." "भाऊजी?"

"हजर, बाई," काका म्हणाला.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "हजर." मग नुसतं "हं" आलं. त्यानंतर आईने पुन्हा पुन्हा हाक मारली. माझ्या काठावरची त्याची बोटं आधीच सुटली होती. तेही मलाच ठाऊक होतं.

मासे धरणाऱ्यांनी तिघांना काठावर आणलं. काका संध्याकाळी सापडला. भिंगरीची मूठ घट्ट वळलेली होती, आईने एकेक बोट उघडून त्यातून बूच काढलं. जमलेल्यांपैकी कोणीतरी बाबांना विचारलं, झालं कसं? बाबा म्हणाले, "पोरीने कोरडं म्हटलं होतं."

एकदाच म्हणाले. पण भिंगरी शेजारीच उभी होती.

मला घरी आणून इथे ठेवलं. एके दिवशी आई आली आणि तिने ते बूच हातोडीने माझ्या भोकात खोलवर ठोकून टाकलं. पुन्हा कुणाच्या नजरेला पडायला नको, हाताला लागायला नको, एवढाच तिचा विचार होता. पण त्यामुळे पावसाचं पाणी माझ्या पोटात साचून राहिलं. पाण्यात असताना बूच नव्हतं म्हणून मी बुडाले, आणि जमिनीवर बूच होतं म्हणून कुजले.

भिंगरीची भिंगरी थांबली. घरातला नळ ती पुन्हा पुन्हा बंद करून बघायची. शाळेत बाईंनी काही विचारलं की ती म्हणायची, "मलाच विचारलंत का?" मुलं हसायची. आई हे सगळं बघत होती. एकदा इथेच, कपडे वाळत घालताना, ती बाबांना म्हणाली, "तिला सांगा एकदा."

"काय सांगू?"

"की तुम्ही विचारलंच नव्हतं."

"आणि ते सांगितल्यावर मी कसा जगू?"

"ती कशी जगतेय ते दिसत नाही का तुम्हाला?"

बाबा आत निघून गेले.

असे बरेच पावसाळे गेले. भिंगरी आईच्या खांद्याला लागली. मग एका सकाळी बाबा कुऱ्हाड घेऊन आले. माझं लाकूड भुसभुशीत झालं होतं, डास माजले होते. त्यांनी कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, आत पाणी आहे. ते आधी काढा."

भिंगरी उभी होती. इतक्या वर्षांत ती माझ्याजवळ पहिल्यांदाच आली होती. बाबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. ते माझ्या काठावरचा सुटलेला रंग नखाने काढत राहिले.

"त्या दिवशी मी तुला विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "तू आईला उत्तर दिलंस. अंथरुणाचं. मी ते उचललं आणि निघालो. वाकून बघायचं काम माझं होतं."

"पण बूच माझ्या खिशात होतं."

"लहान मुलांच्या खिशात काहीही असतं. होडी मोठ्या माणसाची होती."

भिंगरी पुढे आली. तिने माझ्या पोटातल्या काळ्या पाण्यात हात घातला आणि बूच धरलं. बाबांनी बाहेरून कुऱ्हाडीच्या दांड्याने हळूहळू ठोकलं. फुगलेलं लाकूड करकरलं आणि एकदम सुटलं. इतक्या वर्षांचं पाणी भळाभळा बाबांच्या पायांवर सांडलं.

"काका म्हणाला असता, म्हैस मुतली," भिंगरी म्हणाली.

त्या घरात काकाचं नाव फार दिवसांनी निघालं होतं. बाबा हसले, आणि हसता हसता माझ्या काठावर डोकं टेकून रडले. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. ती बाहेर आली नाही.

मग बाबांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "कोरडं?"

भिंगरी वाकली. तिने माझ्या तळावरून, सांध्यांतून, कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला. घाई केली नाही.

"अजून नाही. थोडं आहे."

"मग थांबू," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मी आता कधीच पाण्यात जाणार नाही. माझ्या तळात बोट घातलं तर ते आरपार जातं. तरी एक मागणं मागते. ज्या लाकडावर बसून पाण्यात जाल, त्याचं भोक स्वतः वाकून बघा. लहान माणसाने उत्तर दिलं, तर त्याला विचारलं काय होतं ते आधी नीट ऐकून घ्या. आणि एवढं करूनही बुडायची वेळ आली, तर काठावर पोचल्यावर त्या लहान माणसाचं नाव पुढे करू नका.