वळणावर पेटणारा दिवा

तिची नणंद उद्या सकाळी वस्तादांना घेऊन जाणार होती आणि गाडी अजून घाट चढायच्या लायकीची नव्हती. हीटर थंडगार वारा फेकत होता. डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा पेटत होता. घाटात या दिवसांत दव गोठून रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. चाक घसरायला लागलं की त्याला आवरून धरायचं काम ट्रॅक्शन कंट्रोलचं, आणि तो दिवा पेटला की समजायचं, आवरणारा संपावर गेला.

वस्ताद म्हणजे तिचे सासरे, नणंदेचे वडील. गल्लीत लहानथोर त्यांना वस्तादच म्हणायचे. ती बाबा म्हणायची. नवरा ऐन तिशीत तापानं गेला, तेव्हा माहेरचे तिला न्यायला आले होते. वस्ताद दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "जायचं तर जा पोरी, अडवणार नाही. राहायचं तर उद्यापासून गॅरेजमध्ये ये. घरात बसून भिंतींशी बोलशील नाहीतर." ती राहिली. सासरा-सून एका गाडीखाली झोपून काम करतात, शोभतं का हे, असं लोक कुजबुजले, तर वस्तादांनी मोठ्यानं ऐकवलं, "नटबोल्टाला कळत नाही पिळणारा हात कुणाचा आहे ते. तुम्हाला बरं कळतं!" तेव्हापासून दोघांनी मिळून गॅरेज चालवलं होतं.

मग वस्ताद विसरायला लागले. आधी पाना कुठे ठेवला ते, मग गिऱ्हाइकाचं तोंड, मग जेवलो की नाही ते. ती सांभाळून घेत होती. पण महिन्यापूर्वी ती सुटे भाग आणायला बाजारात गेली असताना त्यांनी आतून शटर ओढून घेतलं आणि इंजिन चालू केलं. ती परतली तेव्हा आत धूर कोंदला होता आणि ते भिंतीला टेकून, मान टाकून बसले होते. वाचले, पण थोडक्यात. त्या संध्याकाळी तिनं स्वतःच नणंदेला फोन केला. नणंदेचं घर घाटापलीकडे, भरलं घर, कुणी ना कुणी कायम घरात असणारं. "माझ्याकडून होत नाही ताई," असं ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं.

वस्ताद दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नसत. म्हणून नणंद बसनं आली होती. उद्या त्यांचीच जुनी गाडी चालवत ती त्यांना नेणार होती. आणि म्हणून आज दुपारी ती गाडी सुनेच्या पुढ्यात बोनेट उघडून उभी होती.

तिनं आधी हीटर हातात घेतला. इंजिन गरम होऊ दिलं, मग हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना हात लावून पाहिला. जाणारी चटका बसेल अशी, येणारी गार. म्हणजे गरम पाणी आत जातंय, पण पुढे सरकत नाही. डॅशबोर्डमागे हीटरचा वेगळा छोटा रेडिएटर असतो, त्याची जाळी तुंबली होती.

पण एवढी तुंबावी कशानं? गाडी जुनी असली तरी वस्तादांच्या हातची होती. तिनं नळ्या सोडवल्या आणि उलट्या बाजूनं पाण्याचा जोर दिला. आधी काहीच आलं नाही. मग करड्या रंगाचा गाळ आला, लापशीसारखा दाट, आणि येतच राहिला. तिनं तो बोटांत चोळून पाहिला. गंज नव्हता हा. रेडिएटरची बारीक गळती बंद करायला पाण्यात टाकतात ती पूड होती. एक डबी टाकली की पुष्कळ होते.

ती मागच्या फळीकडे गेली. जुन्या टायरांच्या आडोशाला त्या पुडीच्या रिकाम्या डब्या रचून ठेवल्या होत्या, एकीवर एक, नीट, वस्तादांच्या शिस्तीत.

तिला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. रोज सकाळी ते बोनेट उघडत असणार, रेडिएटरवरचा गळतीचा जुना डाग बघत असणार, आणि म्हणत असणार, अरे, हे करायचं राहिलंच. रोज नव्यानं. गळती कधीच थांबली होती, ते मात्र पूड ओततच राहिले होते.

"काय सापडलं गं?" मागून आवाज आला. वस्ताद शाल लपेटून दारात उभे होते. नणंद त्यांच्या दंडाला धरून होती.

"काही नाही बाबा," ती डब्यांसमोर आडवी होत म्हणाली. "गाळ होता. जुनी गाडी, व्हायचंच."

"गाळ?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "माझ्या गाडीत? कुणी हात लावला हिला?"

"कुणी नाही. आपोआप साठतो."

त्यांचं समाधान झालं नाही, पण ते स्टुलावर बसले. तिनं पाणी स्वच्छ येईपर्यंत जाळी धुतली, नळ्या चढवल्या, नवं कूलंट भरलं. गाडीचं नाक उंच करून आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. थोड्या वेळानं दोन्ही नळ्या सारख्या तापल्या. हीटरच्या झडपेतून ऊबदार वारा आला, तसं नणंदेनं हात पुढे केले आणि "वहिनी, झालं की गं!" म्हणाली.

"अर्धं झालं," ती म्हणाली.

दिव्याचं कोडं अवघड होतं. गाडीतला दोष दाखवणारा स्कॅनर म्हणत होता, पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाची खबर मध्येच तुटते. ती खबर देणारा सेन्सर तिनं कालच बदलला होता. सेन्सर ज्यावरून वेग मोजतो ते चाकाचं दात्यांचं कडं साफ केलं होतं. तरी आज चक्कर मारून येईपर्यंत दिवा पेटलाच. तिनं पुन्हा सेन्सर मोजला, पुन्हा जोडणी उघडून पाहिली. सगळं ठीक. ती चाकाशी उकिडवी बसली आणि तिला रडूच आलं. दिव्यासाठी की कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पोरी," वस्ताद स्टुलावरून म्हणाले. आवाज स्वच्छ होता, पूर्वीचा. "दिवा सरळ रस्त्यावर पेटतो का वळणावर?"

ती थबकली. आठवून म्हणाली, "वळणावर. पेट्रोल पंपापाशी... उजवीकडे वळताना."

"मग सेन्सरला कशाला शिव्या घालतेस? स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरव आणि मग वायर बघ. माणूस उभा असताना सदरा फाटलेला दिसत नाही. हात वर केला की काख दिसते."

नणंद खुदकन हसली. सुनेनं स्टिअरिंग फिरवलं, टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीत डोकं घातलं. चाक वळलं की वायर ताणली जात होती, आणि एका पत्र्याच्या कडेवर घासून तिचं आवरण झिजलं होतं. आत तांब्याचे दोनचार धागे कसेबसे एकमेकांना धरून होते. सरळ चालताना जोड टिकत होता. वळताना सुटत होता.

"बाबा, सापडलं!" ती ओरडली. "तुम्ही म्हणालात तस्संच!"

तिनं वायर कापली, नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली, ताण पडणार नाही अशी वेगळ्या वाटेनं बांधली. डोकं बाहेर काढलं तेव्हा वस्ताद वाकून तिचं काम बघत होते. बोटांनी त्यांनी तो जोड चाचपला आणि मान डोलावली.

"छान काम आहे," ते म्हणाले. "कुणाकडे शिकलात तुम्ही?"

तुम्ही. तिच्या हातातली पकड तशीच राहिली. इतकी वर्षं त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, रागातसुद्धा नाही.

"सासऱ्यांकडे," ती म्हणाली.

"भाग्यवान आहेत ते. माझी सूनही हेच काम करते. हात अगदी तुमच्यासारखा. भेटायला हवं तुम्ही तिला."

नणंदेनं तोंड फिरवलं. "भेटेन," सून म्हणाली.

सकाळी धुकं होतं. पिशव्या गाडीत ठेवून झाल्या. वस्तादांनी दाराला हात घातला आणि ते तिथेच थांबले. "सून कुठाय?"

"बाबा, ही काय," नणंद म्हणाली. "तुमच्यासमोर तर उभी आहे."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, जरा संकोचून. "या मिस्त्रीबाई. मी सुनेबद्दल विचारतोय. तिला न सांगता मी निघणार नाही. घरी येईल आणि मला शोधत बसेल बिचारी. आधीच तिच्या वाट्याला काय कमी आलंय?"

"बाबा, उशीर होतोय..."

"नाही म्हटलं ना!"

नणंद रडकुंडीला आली. सून पुढे झाली. शालीचं टोक नीट करत, जमेल तेवढ्या शांत आवाजात म्हणाली, "वस्ताद, तुम्ही निघा. मी थांबते इथे. ती आली की सांगते तिला."

"नक्की?"

"नक्की."

"सांगा, मी रागावून गेलो नाही. लेकीकडे चाललोय म्हणावं."

"हो."

मग ते बसले. तिनं त्यांचा पट्टा लावला, हीटर हवा तेवढा फिरवून दिला, दार लावलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

दुपारी नणंदेचा फोन आला. पोचलो म्हणाली. माथ्यावर बर्फ होतं, चाक जरा सरकल्यासारखं वाटलं, पण गाडीनं स्वतःच सावरलं. बाबा ऊब लागून झोपले होते. एवढं सांगूनही तिनं फोन ठेवला नाही.

"आणखी काय, ताई?"

"माथ्यावर जागे झाले गं. झडपेसमोर हात धरला आणि म्हणाले, हा हीटर पोरीनं दुरुस्त केलाय. चक्क तुझं नाव घेतलं. मग म्हणाले, गाडी मागे घे, ती एकटी आहे तिथे." नणंदेनं नाक ओढलं. "मी मागे घेतली नाही, वहिनी. घाट उतरेपर्यंत तेच म्हणत होते. खाली आल्यावर गप्प झाले. मी विचारलं, बाबा, वहिनीला फोन लावू का? तर म्हणाले, कोण वहिनी?"

"बरं केलंस मागे घेतली नाहीस ते," ती म्हणाली. "त्यांना रात्री पायमोजे घालून झोपव. काढून टाकतात, पुन्हा घाल."

फोन ठेवून ती स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून वस्तादांना हाक मारत होतं. तिला ओ देता येईना.