अध्यक्षांना बोलायचं आहे

रेश्माला गप्प बसणं जमत नाही, हे टेंभुर्णीपासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरी बाजाराच्या दिवशी ती भाजीवाल्यांशी हुज्जत घालायची. लग्नानंतर सोसायटीच्या मिटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तिनं चेअरमनला घाम फोडला होता. त्यामुळे ऑनलाइन कॉलेजात तिला वर्गानं भरवलेल्या लोकसभेची अध्यक्ष केलंय आणि अध्यक्षानं वादात पडायचं नसतं, हे कळल्यावर तिच्या सासूबाई रंभाबाई खाटेवर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"म्हंजे आता तासभर तू नुस्ती ऐकणार?" त्या म्हणाल्या. "त्या कॉलेजाच्या नावानं नारळ फोडते मी."

रेश्माचं शिक्षण बारावीनंतर सुटलं होतं. चौतिसाव्या वर्षी तिनं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं ते शेजारणीनं घातलं म्हणून. शेजारीण दुसऱ्याच आठवड्यात गळली आणि रेश्मा मात्र अडकली. विषय होता भारताची शासनव्यवस्था. वर्ग रविवारी सकाळी, फोनवर. लोकसभा बरखास्त होते पण राज्यसभा कधीच होत नाही, हे वाचल्यावर तिला कोण आनंद झाला. तिनं ते भाकरी थापताना रंभाबाईंना सांगितलं, जेवताना नवऱ्याला सांगितलं आणि गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही सांगितलं. इतकी वर्षं मत देत आलो आणि आपण नेमकं काय चालवतोय हेच आपल्याला माहीत नव्हतं, असं तिला वाटायचं.

शिकवायला होते सिद्धाराम सर. अक्कलकोटचे. घरात कन्नड बोलणारे, त्यामुळे त्यांच्या मराठीला एक गोड हेल होता. एका रविवारी ते म्हणाले, "पुस्तकातली संसद वाचून काय होणार? आपणच एक भरवू की." त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. अर्धे सरकार, अर्धे विरोधक. रेश्माला विरोधी पक्षनेता व्हायचं होतं. तिनं मनातल्या मनात पहिलं भाषण रचूनही टाकलं होतं. पण आधी अध्यक्ष निवडायचा होता, आणि सांगोल्याकडचा येडू पटकन म्हणाला, "रेश्माताईंचं नाव सुचवतो. नेटवर्क गेलं तरी त्यांचा आवाज येतो." सगळ्यांनी हात वर केले. विरोधासाठी एकही हात उरला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच रेश्मा एकमतानं निवडून आली आणि त्याच क्षणी तिचं तोंड बंद झालं.

येडू मेंढपाळाच्या घरातला. पंचविशीतला, दोनदा शाळा सोडून पुन्हा धरलेला. कधी कधी तो कळपाबरोबर असताना माळावरूनच वर्गाला बसायचा, आणि माइक बंद करायला विसरला की सगळ्यांना मेंढरं ऐकू यायची.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांपुढे पेच आला. आवाजी मतदान होतं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, असं रेश्मानं पुकारलं, तर निम्मे जण 'व्हय' म्हणाले आणि अक्कलकोटजवळची शिवबाई चक्क कन्नडमध्ये 'हौदु' म्हणाली. कृषिमंत्री झालेल्या अभिमन्यूनं लगेच हरकत घेतली की हे शब्द कामकाजात बसत नाहीत. रेश्मानं क्षणभर विचार केला. "माणूस होकार देतोय हे कळलं की अध्यक्षांना पुरे आहे," ती म्हणाली. "तिन्ही धरले जातील." सभागृहात हशा पिकला आणि रेश्माच्या लक्षात आलं की या खुर्चीत अगदीच काही मजा नाही असं नाही. त्याच बैठकीत शिवबाईला उपाध्यक्ष निवडलं गेलं.

त्यानंतर रविवार सकाळ घरात सणासारखी होऊन गेली. रेश्मा इस्त्रीची साडी नेसायची. फोन डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवायची. चटणीसाठी मिक्सर लावायचा नाही, हा तिचा हुकूम रंभाबाई काटेकोर पाळायच्या. कुणी दार वाजवलं तर त्या दबक्या आवाजात सांगायच्या, "आत सभागृह चालू हाय." आणि बैठक संपली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज पडलं का सरकार?"

मग येडूनं विधेयक मांडलं. मेंढपाळांच्या जुन्या वाटा कागदावर आणाव्यात, त्या कुणी नांगरू नयेत, आणि कळप कुठल्या महिन्यात कुठून जाणार हे आधी ठरवावं, असं त्यात होतं. "पूर्वी पीक निघालं की शेतकरीच आमाला बोलवायचे," तो म्हणाला. "मेंढरं बसवा म्हणायचे, रानाला खत व्हतंय. आता बारमाही पिकं आली. वाटा नांगरल्या. जायचं कुटनं? रस्त्यानं गेलं तर गाड्या, रानातनं गेलं तर भांडण. अध्यक्ष महोदया, मेंढराला काय कळतंय वाट कुटली आन् बांध कुटला."

अभिमन्यूही काही ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. माढ्याकडचा, घरचा ऊस, गावच्या निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारा. "हरकत वाटेला न्हाई," तो म्हणाला. "पर वाट रुंद किती? कुणाच्या सातबाऱ्यातनं जाणार? नुकसान झालं तर कोण भरणार? ह्यातलं ह्या विधेयकात कायबी न्हाई. सरकार ह्याला विरोध करणार."

वाद असा रंगला की रेश्माला हाताखालची वाटी आपटून शांतता करावी लागली. दोघांचंही पटत होतं आणि दोघांनाही उत्तर द्यावंसं वाटत होतं. ओठ दाबून ती नावं पुकारत राहिली. शेवटी विरोधकांकडून एक प्रस्ताव आला. विधेयक फेटाळू नये आणि मंजूरही करू नये, ते प्रवर समितीकडे पाठवावं, म्हणजे दोन्ही बाजूंची मोजकी माणसं बसून एकेक कलम तपासतील. सरकारमधले दोघे-तिघे या प्रस्तावाला फितले, तर विरोधकांतले तितकेच सरकारकडे गेले. मतदान घेतलं. रेश्मानं हात मोजले. पुन्हा मोजले. बाजूनं सतरा होते. विरोधातही सतराच.

फोनच्या पडद्यावरचे सगळे चेहरे कॅमेऱ्याजवळ सरकले. रेश्माला कलम पाठ होतं. अध्यक्ष आधी मत देत नाहीत, पण मतं समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. वाचताना ते कधी कामाला येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

"सर?" तिनं विचारलं.

सरांचा कॅमेरा बंद होता. फक्त आवाज आला. "सर आज प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलेत. अध्यक्षांनी गॅलरीला विचारायचं नसतं."

खरं सांगायचं तर तिचं मन केव्हाच एका बाजूला झुकलं होतं. मागच्या वर्षी टेंभुर्णीला तिच्या वडिलांच्या, शहाजींच्या, उभ्या ज्वारीत एक कळप शिरला होता. आबा दिवसभर बांधावर बसून राहिले, जेवायला घरी आले नाहीत. तेव्हा रेश्मानं फोनवरून त्या मेंढक्यांचा उद्धार केला होता. आता 'नाही' म्हटलं की समितीचा प्रस्ताव पडला असता आणि त्याच्याबरोबर विधेयकही इथंच संपलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

पण संपवायचं तरी कुणाच्या जोरावर? सभागृह बरोबर अर्धं-अर्धं तुटलं होतं. अर्ध्यांनी उरलेल्या अर्ध्यांचं बोलणं बंद करायचं, आणि तेही ज्वारीचा राग मनात धरलेल्या एकटीच्या मतावर? समितीकडे गेलं तर कुणाचं काही जाणार नव्हतं. बोलणं तेवढं चालू राहणार होतं.

तिनं घसा साफ केला. "मतं समसमान पडली आहेत. चर्चा बंद करायला सभागृहात बहुमत नाही. ती पुढे चालू राहावी म्हणून अध्यक्ष आपलं निर्णायक मत प्रस्तावाच्या बाजूनं देत आहेत. विधेयक समितीकडे जाईल."

मग जो गोंधळ झाला त्यात येडूची मेंढरंही सामील होती. रेश्मानं कामकाज तहकूब केलं, फोन पालथा घातला आणि ती उठली. रंभाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या होत्या.

"पडलं का?"

"सरकार नाही पडलं, आत्या. विधेयक वाचलं. माझ्या एका मतानं."

"एकटीच्या?" रंभाबाईंनी सुनेकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि त्या दिवशी पोळ्यांत पुरण घातलं.

संध्याकाळी मात्र वर्गाच्या ग्रुपवर अभिमन्यूचा संदेश आला. अध्यक्षांनी पक्षपात केला. त्यांचं नाव येडूनंच सुचवलं होतं, त्याची ही परतफेड आहे. म्हणून त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावाची चौदा दिवसांची नोटीस तो देत होता. खाली मंत्र्यांची नावं होती.

रेश्माला ते लागलं. ती न बोलता भांडी घासत राहिली. ती बोलत नाही म्हटल्यावर रंभाबाईंचा जीव घाबरला. त्यांनी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून बघितला. भांडी झाल्यावर, आपल्याला काढायचं तर कसं काढतात हे तरी बघावं म्हणून रेश्मानं पुस्तक उघडलं. चौऱ्याण्णवावं कलम वाचलं. मग पंच्याण्णवावं. शहाण्णवावं वाचता वाचता ती उभी राहिली.

"आत्या, ऐका. अध्यक्षाला काढायचा ठराव असेल तेव्हा अध्यक्षानं खुर्चीत बसायचं नाही."

"मग कुटं बसायचं?"

"खाली, सगळ्यांत. आणि तिथं मला बोलायचा हक्क आहे. कामकाजात भाग घ्यायचा. मतसुद्धा द्यायचं, सगळ्यांसारखं, सगळ्यांबरोबरच." तिला हसू आवरेना. "अभिमन्यूनं मला बोलायला उठवलंय."

पुढचे दोन आठवडे त्या घरानं एकच भाषण अनेक तऱ्हांनी ऐकलं. रेश्मा ते कपडे वाळत घालताना म्हणायची, स्कूटीवरून भाजी आणताना म्हणायची. नवरा फॅक्टरीतून आला की त्याला अभिमन्यू व्हायला लावायची. तो बिचारा दमलेला असायचा आणि लगेच ठराव मागे घ्यायचा, त्यावर ती चिडायची.

ठरावाच्या रविवारी शिवबाई अध्यक्षांच्या जागी बसली. अभिमन्यू चांगलं बोलला. चिडून नाही, मुद्द्यानं बोलला. अध्यक्ष कुणाचे नसतात असं आपण शिकलो, मग मत एका बाजूला गेलंच कसं, असा त्याचा सवाल होता. मग शिवबाईनं पुकारलं, "रेश्माताई."

दोन आठवडे घोकलेलं सगळं भाषण रेश्माच्या डोक्यातून उडून गेलं. तिनं सरळ सांगायला सुरुवात केली.

"माझ्या आबांची ज्वारी मेंढरांनी खाल्लीय. दोन एकर. मी त्या मेंढक्यांना जे बोलले ते इथं सांगता येणार नाही. त्या दिवशी हात मोजले तेव्हा माझं मन कृषिमंत्र्यांच्या बाजूला होतं. येडूभाऊंनी माझं नाव सुचवलं हे खरं. पण मी मनाचं ऐकलं असतं तर त्यांचं विधेयक तिथंच मेलं असतं. मनाचं ऐकायचं नाही म्हणूनच तर मला त्या खुर्चीत बसवलंय. मी विधेयक मंजूर केलं नाही. बोलणं चालू ठेवलं. बोलणं बंद करायला बहुमत लागतं, आणि ते तुमच्याकडे नव्हतं. आता ठराव आणलाय तर मतदान घ्या. मला आज पहिल्यांदा साधं मत मिळालंय, ते मी वाया घालवणार नाही."

मग येडू हळूच म्हणाला, "ताई, त्यो कळप आमच्याकडचा असंल तर मी आबांची माफी मागतो."

ठराव पडला. पदावरून काढायला सभागृहातल्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, आणि बाजूनं जेमतेम दहा हात होते. त्यात अभिमन्यूचा होता. ठराव आपणच आणलाय म्हटल्यावर हात वर करावाच लागतो, असं त्यानं नंतर सांगितलं. शिवबाईनं 'हौदु' आणि 'नाही' दोन्ही मोजून निकाल दिला आणि खुर्ची परत केली.

बैठक संपल्यावर अभिमन्यूचा फोन आला. आता तो समितीत होता आणि येडूही. "ताई, समितीला साक्षीदार बोलवता येतात की. आबांना विचारा. नुकसान झालेला माणूस समोर पायजे. येडूचा बाप बी येतोय."

रेश्मानं लगेच टेंभुर्णीला फोन लावला. उत्साहात तिनं सगळं उलटंसुलटं सांगितलं. शहाजींना निम्मंच कळलं, पण महत्त्वाचं तेवढं कळलं.

"म्हंजे त्या मेंढरांबद्दल मी बोलायचं आन् लोकांनी ऐकायचं?"

"व्हय, आबा. मेंढक्याचंही तुम्ही ऐकायचं."

मग आबांनी विचारलं, "कितीला बसायचं?"

"रविवारी दहाला."

"मग शनिवारीच मला समद्यांची नावं सांगून ठेव. आन् रेशमे, तो मेंढक्या कुटल्या गावचा हाय ते बी इचार. वळखीचा निघायचा."

रेश्मानं फोन ठेवला आणि समितीला कळवायला पुन्हा उचलला.